शोभेचा जीव



आपल्या गावात मासा ही काही नवलाची गोष्ट नाही. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या उतरतात, बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर पार देवळाच्या आवारापर्यंत येतो. उपवासकाळात मटण टाळणारी आपली घरे माशाला मात्र काही अंतर देत नाहीत. मासा म्हणजे आपला धंदा आणि मासा म्हणजे आपले जेवण. पण अलीकडे आपल्या बैठकीच्या खोल्यांत आणखी एक मासा येऊन राहिला आहे. तो कोणी खाणार नाही, विकणार नाही. पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली किंवा टीव्हीच्या शेजारी काचेच्या टाकीत, दिव्याच्या उजेडात तो फिरत असतो. गोलमटोल अंग, पदरासारखी लोंबती दुहेरी शेपटी, कोणाच्या डोक्यावर तुतीच्या फळासारखा मांसल मुकुट, तर कोणाचे डोळे बाहेर आलेले. हा फॅन्सी गोल्डफिश, आपल्या भाषेत सोनमासा.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले विचारतात तो प्रश्न मोठ्यांना सहसा सुचत नाही. आपल्याला बघायला आवडतो म्हणून मासा आणायचा, हे माशाला चालते का? आपण हसतो आणि विषय बदलतो. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून या रविवारी तो थोडा सविस्तर मांडावा असे आम्हांला वाटले.

पहिली हरकत आपल्याच घरातून येईल हे आम्ही जाणतो. जे लोक दर रविवारी पापलेट आणि सुरमई कापतात, त्यांनी टाकीतल्या चार माशांच्या सुखदुःखाची चर्चा करावी, हे ढोंग नव्हे काय? हरकत वजनदार आहे. पण सुरमई आणि सोनमासा यांत एक फरक आहे. सुरमई समुद्रात तिच्या तऱ्हेने वाढली, तिच्या तऱ्हेने जगली. आपण तिला अन्न म्हणून घेतले, पण तिचे शरीर आपण घडवले नाही. सोनमाशाचे शरीर मात्र माणसाने घडवले आहे, आणि तेही पोटासाठी नव्हे, डोळ्यांसाठी. अन्नासाठी मारण्याचा प्रश्न जुना आहे, त्याला गरजेचा आधार आहे. शोभेसाठी जीव घडवण्याला तो आधार नाही. म्हणून येथे वेगळा विचार करावा लागतो.

हे घडवणे कसे झाले, ती हकिगत मोठी रंजक आहे. सोनमाशाचा पूर्वज म्हणजे चीनमधील नदी-तळ्यांत राहणारा, मातकट-राखी रंगाचा एक साधा खाण्याचा मासा. त्यांत क्वचित एखादा तांबूस किंवा पिवळा निपजे. रानात असा मासा फार दिवस टिकत नाही, पक्ष्यांच्या नजरेत लगेच भरतो. पण चीनमध्ये बौद्ध भाविकांची प्राण्यांना जीवदान देण्याची प्रथा होती. पकडलेला जीव विकत घ्यायचा आणि मठाच्या तळ्यात सोडून द्यायचा. असे रंगीत मासे त्या तळ्यांत सुरक्षित राहिले. म्हणजे सोनमाशाची सुरुवात बाजारात झाली नाही, ती दयेत झाली, हे आम्हांला फार लक्षणीय वाटते. पुढे सुंग राजवंशाच्या काळात, म्हणजे ९६० ते १२७९ या दरम्यान, श्रीमंतांनी आणि राजघराण्याने ते आपल्या बागांतील तळ्यांत हौसेने पाळले. मिंग राजवंशात मासा तळ्यातून मातीच्या आणि चिनी मातीच्या कुंड्यांत आला, घरात आला. खरा बदल येथे घडला. तळ्यात अधू मासा इतरांच्या मागे पडून मरतो. कुंडीत त्याला वेगळे ठेवता येते, हाताने दाणा घालता येतो, आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्याशी त्याची जोडी लावता येते. जे तळ्यात व्यंग ठरले असते, ते कुंडीत वैशिष्ट्य ठरले. १५९६ साली झांग छ्येन-द नावाच्या एका चिनी रसिकाने या लाल माशांवर एक छोटा ग्रंथच लिहिला. या विषयावरचा तो सर्वांत जुना स्वतंत्र ग्रंथ मानला जातो.

तेथून सोनमासा जपानला गेला आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला. पोर्तुगालमध्ये तो त्या शतकाच्या सुरुवातीसच आला होता असे सांगतात. त्या वेळी आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचेच निशाण होते. पण कोणी दर्यावर्दी एखादी कुंडी घेऊन इकडे उतरला होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा नाही.

या माशाची दुहेरी शेपटी पाहून आपण देवाच्या कारागिरीचे कौतुक करतो. कौतुक जरूर करावे, पण त्यात माणसाचा हात किती आहे हेही समजून घ्यावे. तैवानमधील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की ही जोडशेपटी एका जनुकातील बिघाडामुळे येते. गर्भ वाढत असताना पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवण्यात त्या जनुकाचा वाटा असतो. तेथे गडबड झाली की शेपटीचा सांगाडा दुभंगतो. अशा शेपटीने वेगाने पोहता येत नाही. रान्चू नावाच्या जातीला पाठीवरचा पर अजिबात नसतो. आपल्या कोळी बांधवांना हे चटकन कळेल: कण्याविना होडी जशी डुलते, तसा तो डुलत चालतो. पर्लस्केल जातीचे अंग चेंडूसारखे गोल आणि खवले मोत्यांसारखे फुगीर. अंग आखूड झाल्याने आतले अवयव दाटीवाटीने बसतात, पोहण्याचा फुगा नीट काम करत नाही, आणि पोट बिघडले की मासा उलटा होऊन तरंगू लागतो. ओरांडाच्या डोक्यावरचा मुकुट कधी इतका वाढतो की डोळे झाकले जातात. आणि बबल-आय! त्याच्या दोन्ही डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या लोंबतात. पोहताना त्या हलतात, तेच त्याचे सौंदर्य समजले जाते. एखाद्या टोकदार खड्याला घासली की पिशवी फुटते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग हा सगळा शौकच दुष्टपणाचा आहे. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने चांगला रान्चू वरून पाहिला आहे, तो असे म्हणणार नाही. जपानमध्ये हा मासा काचेतून बाजूने पाहण्याची रीत नाही. उथळ, पसरट कुंडात ठेवून त्याला वरून पाहतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पाठीची रुंद, सरळ रेघ, दोन्ही बाजूंना सारखी उघडलेली शेपटी आणि चालीतला डौल, यांवर त्याची पारख होते. चांगला जाणकार एका माशापुढे अर्धा तास बसू शकतो. आजच्या धावपळीत अर्धा तास एका जिवाकडे शांतपणे पाहणे हीच केवढी गोष्ट आहे! ज्या घरात वडील आणि मुलगा संध्याकाळी मिळून टाकीचे पाणी बदलतात, त्या घरात काहीतरी चांगले चालले आहे असेच आम्ही मानतो.

पण या डौलामागे एक गोष्ट असते, ती दुकानात कोणी सांगत नाही. सोनमाशाची मादी एका वेळी शेकडो, कधी हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले जातिवंत आईबापांची असली तरी बहुतेकांची ठेवण मनासारखी नसते. कोणाची शेपटी एकेरी, कोणाची तिरपी, कोणाच्या पाठीवर पराचा खुंट उगवलेला. मग पैदास करणारा बशीत पिल्ले घेऊन निवड करत बसतो. पुन्हा काही आठवड्यांनी निवड, पुन्हा निवड. शेवटी मूठभर उरतात. बाकीची बहुतेक मारली जातात किंवा मोठ्या माशांना खाद्य म्हणून घातली जातात. ती आजारी नसतात. त्यांतली एकेरी शेपटीची पिल्ले तर पोहायला आपल्या भावंडांपेक्षा सरस असतात. त्यांचा दोष एवढाच, की ती आपल्या नजरेला हवी तशी नाहीत.

येथे आम्ही थोडे थांबतो. समुद्रातही हजार अंड्यांतून एखादाच मासा मोठा होतो, हे खरे. निसर्ग मऊ मनाचा नाही. पण समुद्रात जो वाचतो तो जगायला लायक असतो, आणि बशीत जो वाचतो तो बघायला लायक असतो. हा फरक लहान नाही. आणि पैदास करणाऱ्या एकट्याला दोष देऊनही भागत नाही. चेन्नईजवळच्या कोळत्तूरला शोभिवंत माशांच्या पैदाशीवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. त्यांनी काय निपजवायचे हे शेवटी क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात बोट दाखवणारा गिऱ्हाईक ठरवतो. म्हणजे आपण ठरवतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगते? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाचा पहिला आशीर्वाद माणसाला मिळालेला नाही. तो पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी यांना मिळाला. माणसाला अधिकार मिळाला तो नंतर, आणि त्या अधिकाराच्या यादीतही समुद्रातले मासे पहिले आहेत. ज्याला आधी आशीर्वाद मिळाला त्याच्यावर मग आपल्याला अधिकार मिळाला, हा क्रम विसरता कामा नये. १९९२ च्या 'कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च' या ग्रंथात २४१५ ते २४१८ हे परिच्छेद प्राण्यांविषयी आहेत. प्राण्यांचा उपयोग करण्यास तेथे मुभा आहे, पण त्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे मानले आहे. त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, जी प्राणिप्रेमींना तितकीशी रुचत नाही. माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळू नये. दोन्ही बाजूंनी कान पकडणारी ही शिकवण आहे. हजारो रुपयांचा आयात केलेला मासा टाकीत सोडताना सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची पेटी आपण कशी ओलांडली, हे ज्याचे त्याने पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, ते केवळ आपल्या उपयोगावर ठरत नाही, असे बजावले. उपयोगावर नाही, तर मग शोभेवर तरी कसे ठरावे?

माशाला कुठे काय कळते, असे म्हणून सुटका करून घेण्याची सवयही सोडायला हवी. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची, हे वाक्य शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि ते खोटे आहे. हा मासा शिकतो आणि शिकलेले महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. इस्राएलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर चाकांवर बसवलेली पाण्याची टाकी होती. मासा ज्या दिशेला पोहे त्या दिशेला गाडी चाले. सहा सोनमासे ती गाडी चालवून ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायला शिकले. इटलीत मोन्झा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली माशांसाठी गोल काचेची भांडी वापरण्यास बंदी केली, तेव्हा अनेकांनी थट्टा केली. आपल्याकडेही १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात प्राणी या शब्दाची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव अशी केली आहे. त्या व्याख्येत टाकीतला मासाही बसतो. आपण मात्र त्याला अजून फुलदाणीच्या रांगेत बसवतो. वाढदिवसाला, गृहप्रवेशाला काचेचे वाटोळे भांडे आणि त्यात दोन मासे भेट देतो, आणि पंधरवड्यात ते मेले की नशीब म्हणतो.

नशीब नव्हे, अमोनिया. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो, आणि तोच त्याला विषासारखा असतो. मोठ्या, मुरलेल्या टाकीत काही सूक्ष्म जंतू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जंतू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. वाटीभर पाण्यात ते होणेच शक्य नाही. त्यात नळाच्या पाण्यातला क्लोरिन आणि एप्रिल-मेचा उकाडा. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि सोनमासा मुळात थंड पाण्यातला. त्याला पोट म्हणून वेगळी पिशवीच नसते, त्यामुळे एकदम ओंजळभर दाणे टाकणे हे लाड नव्हेत. थोडे थोडे, आधी भिजवून. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक साधा सोनमासा होता. १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला तो मासा १९९९ साली, त्रेचाळीस वर्षांचा होऊन मेला. सगळेच एवढे जगत नाहीत. पण नीट ठेवलेला फॅन्सी मासाही दहा वर्षे सहज सोबत करतो. दुकानातून पिशवी हातात घेताना आपण दहा वर्षांचा शब्द देत असतो.

आणि येथेच आमच्या मते खरा मुद्दा आहे. रस्त्यावरचे कुत्रे आपल्यावाचून कसेबसे जगेल. रान्चू जगणार नाही. त्याची वेगात पळण्याची ताकद माणसाने काढून घेतली, त्याचा पर काढून घेतला, कोणाची नजर काढून घेतली. तो दुबळा जन्मला नाही, त्याला पिढ्यान्‌पिढ्या दुबळे करण्यात आले, आणि त्या दुबळेपणालाच आपण सुंदर म्हणतो. ज्याला आपल्या आनंदासाठी असे केले, त्याची काळजी घेणे ही मग मेहेरबानी राहत नाही. ती देणी आहे. ही देणी जो भरतो, त्याने खुशाल त्या शेपटीचे कौतुक करावे, त्याला आम्ही दोष देणार नाही.

पण काही देणी भरता येत नाहीत. बबल-आय किंवा कायम आकाशाकडेच डोळे लागलेला सेलेस्टियल, यांची कितीही सेवा केली तरी त्यांचे शरीरच त्यांना त्रास देते. हे मासे नव्याने विकत घेऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. शतकांची कला लोप पावेल असा आक्षेप काही शौकीन घेतात. तो आम्ही समजू शकतो, त्यांनी त्या माशांवर आयुष्ये घालवली आहेत. तरी कलेला पुढे चालण्यासाठी कोणाचे तरी डोळे लागत असतील, तर ती कला थोडी मागे सरली तरी चालेल. ज्यांच्या घरी असे मासे आधीच आहेत त्यांनी मात्र त्यांना शेवटपर्यंत सांभाळावे.

जाता जाता दोन गोष्टी. आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवला की घरात भरभराट होते, आणि काळा मेला तर घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, ही समजूत फेंगशुईच्या नावाखाली आपल्याही घरांत शिरली आहे. आपली संकटे वाहून नेण्यासाठी एक मुका जीव बाजारातून आणून ठेवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, आणि बहुधा तो काळा मासा पाणी न बदलल्यामुळेच मेलेला असतो. दुसरे, कंटाळा आला म्हणून मासे बावखलात सोडू नका. फॅन्सी मासा तेथे खंड्याच्या तोंडी जाईल. साधा एकेरी शेपटीचा मात्र तग धरेल, तळ उकरून पाणी गढूळ करेल आणि आपल्या स्थानिक माशांचे अन्न पळवेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल शहरातल्या एका तलावात २०२१ साली असे सोडलेले सोनमासे फूटभर लांबीचे होऊन सापडले, आणि मासे तलावात सोडू नका असे नगरपालिकेला नागरिकांना विनवावे लागले. आपली उरलीसुरली बावखले तेवढी मोठीही नाहीत. ज्यांना सांभाळणे जमत नाही त्यांनी दुकानदाराला विचारावे, बरेच जण मासे परत घेतात. किंवा धर्मशिक्षणाच्या मुलांना विचारावे, पण आधी त्यांच्या आयांना!

ज्यांच्याकडे काळा, बाहेर आलेल्या डोळ्यांचा टेलिस्कोप मासा आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. त्याला नीट दिसत नाही. चपळ माशांबरोबर ठेवला तर दाणा त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याला मंद चालीच्या सोबत्यांबरोबर ठेवावे आणि टाकीतले टोकदार दगड, प्लास्टिकची झाडे काढून टाकावी. भिजवलेला दाणा रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात खाली सोडावा. काही दिवसांत त्याला ती जागा कळते, आणि वेळ झाली की कोणी टाकीजवळ येण्याआधीच तो तेथे येऊन थांबतो.